काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग: हलकी काडतुसं, लोखंडी टार्गेट आणि मळ्यातली रेंज

दिंडोरीकर_द्राक्षवाला
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो आणि गेली काही वर्षं त्याला काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगचा जबरदस्त नाद लागलाय, म्हणजे जुन्या वेस्टर्न काळातले कपडे, डोक्यावर हॅट, कमरेला दोन रिव्हॉल्व्हर, टेबलावर रायफल आणि दुनळी, बीप वाजला की लोखंडी प्लेटांवर धडाधड फायरिंग आणि सगळं घड्याळावर. फेब्रुवारीत मी तिकडे जातोय, ऐन काढणीचा टाइम आहे पण थोरले बंधू म्हणाले जा, मळा मी बघतो. मी स्वतः नाशिकला क्लबमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल मारतो, त्यापलीकडे बंदुकीचा अनुभव नाही.

व्हिडिओ कॉलवर त्याने बरंच दाखवलं पण काही गोष्टी डोक्यात बसत नाहीयेत. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आणि भरतात पाचच, का? काडतुसं तो घरीच गॅरेजमध्ये भरतो, म्हणतो एकदम हलका लोड असतो, काही होत नाही. मग हलका आहे तर रेंजवर एवढी कडक शिस्त कशाला, जरा नळी इकडेतिकडे झाली तर मॅचमधून बाहेर काढतात म्हणे. आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे प्लेटा सात-आठ यार्डांवर असतात, एवढ्या जवळून लोखंडावर गोळी मारली तर ती परत येत नाही का?

शेवटची गोष्ट घरची. मला मळ्यात एअर पिस्तूलसाठी अशाच दोन-तीन प्लेटा लावायच्यात, सातपूरला एका ओळखीच्याकडे सहा एमएमची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं नरम पोलाद) प्लेट स्क्रॅपमध्ये पडलीय, ती चालेल का. जाणकारांनी सविस्तर सांगा, घाई नाही.

नाशिकरोड_ते_मेसा
दिंडोरीकर, मी मूळचा जेल रोडचा, आता मेसाला असतो आणि हाच खेळ खेळतो, त्यामुळे राहवलं नाही, जरा लांबलचक लिहितोय.

हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९८७ मध्ये सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी निघाली, सगळे तिला सास म्हणतात. नियम तिचेच चालतात. प्रत्येक मेंबरला एक टोपणनाव घ्यावं लागतं आणि ते दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. हत्यारं चार, दर गोळीला घोडा हातानं ओढावा लागतो अशी दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरवाली रायफल जी पिस्तुलाच्याच कॅलिबरची असते, आणि एक शॉटगन, दुनळी किंवा १८९७ च्या विंचेस्टरसारखी पंपवाली. बहुतेकांकडे असली जुनी नसतात, इटलीत बनलेल्या प्रतिकृती असतात किंवा रुगर कंपनीचं व्हाकेरो रिव्हॉल्व्हर. पण रचना तीच, १८७३ ची कोल्ट आणि १८७३ चीच विंचेस्टर.

आता पाच गोळ्यांचं. जुन्या कोल्टमध्ये फायरिंग पिन घोड्यालाच बसवलेली असते. घोडा खाली असला की ती पिन समोरच्या खणातल्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातली ठोक्यानं पेटणारी टोपी) सरळ टेकून बसते, मधे काहीच नाही. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि घोड्यावर आदळलं की बार झालाच. घोड्याला एक सेफ्टीची खाच असते पण ती बारीक असते, जोरात आपटलं तर तुटते, तिच्या भरवशावर कुणी राहत नाही. म्हणून एक खण रिकामा ठेवायचा आणि घोडा त्या रिकाम्या खणावर उतरवायचा. भरायची पद्धत सगळ्यांची एकच, घोडा अर्धा ओढून चक्र मोकळं करायचं, बाजूची खिडकी उघडायची, एक काडतूस टाकायचं, एक खण सोडायचा, मग सलग चार टाकायची, आणि मग घोडा पूर्ण ओढून हळूच उतरवला की तो बरोबर रिकाम्या खणावर येतो. रुगरमध्ये आत ट्रान्सफर बार असतो, चाप दाबल्याशिवाय पिनला ठोका लागतच नाही, त्यात सहा भरल्या तरी तसा धोका नाही, पण रेंजवर नियम सगळ्यांना एक. लोडिंग टेबलवर शेजारी उभा असलेला माणूस प्रत्येकाचा घोडा कुठे बसलाय ते वाकून बघतो आणि मग पुढे सोडतो.

रायफलमध्ये साधारण दहा भरतात, तीही चेंबर रिकामं ठेवून. शॉटगन तर आधी भरतच नाहीत, टायमर सुरू झाल्यावर कमरेच्या पट्ट्यातून दोन-दोन काढून भरायच्या. रायफल मारून झाली की लिव्हर उघडी ठेवून टेबलावर ठेवायची, तोंड पुढे. नळीचा १७० अंशांचा नियम आहे, म्हणजे समोरच्या बाजूला जवळपास अर्धवर्तुळ, त्याच्या बाहेर नळी गेली की ती स्टेज, म्हणजे मॅचमधला तो टप्पा, बाद, आणि भरलेली नळी माणसाकडे वळली तर मॅचमधूनच बाहेर. मावसभाऊ म्हणतोय ते हेच. तीन जण फक्त नेम चुकलेले मोजायला उभे असतात, प्रत्येक मिसला पाच सेकंद वाढतात, त्यामुळे नुसता वेग असून भागत नाही.

एक महत्त्वाचं, हे आधी वाचा. तुम्ही टुरिस्ट व्हिसावर येणार असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतूस हातात घ्यायलाही बंदी आहे, काही ठराविक अपवाद सोडून. नेहमीचा अपवाद म्हणजे तिकडच्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स, ते बाहेरच्यालाही फी भरून मिळतं. रेंजवर जाण्याआधी ते हातात पाहिजे, आणि मावसभावाला म्हणावं क्लबला आणि एखाद्या वकिलाला विचारून घे. ते नसेल तर फक्त प्रेक्षक म्हणून या, तेही काही कमी नाही, फेब्रुवारीच्या सुमारास फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर विंटर रेंज नावाची राष्ट्रीय स्पर्धा असते. प्रेक्षकाला पण डोळ्यांना चष्मा सक्तीचा आहे.

तोफखाना_देवळाली
मी देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर झालो, काउबॉयबद्दल मला माहिती नाही, पण दारूगोळ्यात आयुष्य गेलं म्हणून त्या एका वाक्यावर बोलतो. हलका लोड आहे, काही होत नाही. बेटा, हे वाक्य डोक्यातून काढून टाक. जास्त दारूचा धोका सगळ्यांना दिसतो, कमी दारूचा दिसत नाही.

कमी दारू पडली, किंवा पडलीच नाही आणि नुसता प्रायमर पेटला, तर गोळी नळीत शिरते आणि मधेच अडकते. मोठा आवाज नाही, झटका नाही, नुसतं फुस्स. कानात प्लग, वरून मफ, समोर टायमर चालू, हात सवयीनं पुढचा घोडा ओढतोच. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळली की नळी फुगते नाहीतर फाटते, आणि हे सगळं तोंडापासून दीड-दोन फुटांवर. म्हणून मागे उभा असलेला रेंज ऑफिसर डोळ्यांपेक्षा कानानं जास्त काम करतो. आवाज वेगळा आला की तो थांब म्हणणार, आणि तू तिथंच थांबायचं, का म्हणून वळून बघायचं नाही, कारण वळलास की नळी पण वळते.

दुसरं, चाप दाबला आणि काहीच झालं नाही तर लगेच उघडून बघायचं नाही. कधीकधी प्रायमर उशिरा पेट घेतो. नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं. स्पर्धेत अशा वेळी काय करतात ते मेसावाल्या भाऊंनी सांगावं.

नाशिकरोड_ते_मेसा
काका, एकदम बरोबर. स्पर्धेत ऑफिसरने थांबवलं की ते हत्यार नळी समोर ठेवून टेबलावर ठेवायचं आणि उरलेल्या हत्यारांनी स्टेज पुरी करायची. जे मारता आलं नाही ते मिसमध्ये धरलं जातं, वेळ जातो, पण कुणी कुरकुर करत नाही. नंतर लाकडी किंवा पितळी दांड्यानं गोळी बाहेर ठोकून काढतात.

आता काडतूस भरण्याबद्दल, कारण काकांनी जो मुद्दा मांडला तो या खेळाच्या मुळाशीच आहे. नियमात वेगाची वरची मर्यादा आहे, रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट आणि रायफलला १४०० फूट. पण खालची मर्यादा पण आहे हे बरेच जण विसरतात. ४०० फुटांच्या खाली चालत नाही आणि पॉवर फॅक्टर किमान ६० पाहिजे. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग, भागिले हजार. समजा १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांनी गेली तर ६३ आला, म्हणजे काठावर पास. जिंकायच्या नादात लोक या काठावरच भरतात कारण झटका कमी तर पुढचा नेम लवकर. आणि काठावर भरलं की थोडी दारू इकडेतिकडे झाली, थंडी पडली, की गोळी नळीत अडकायची शक्यता वाढते. त्यातही एक बारीक गोष्ट आहे, तेच काडतूस पाच इंची रिव्हॉल्व्हरमधून व्यवस्थित निघतं आणि वीस इंची रायफलच्या नळीत अडकतं, कारण घासायला लांबी चौपट. म्हणून रायफलचा लोड थोडा वर ठेवायचा.

कमी दारूचा दुसरा त्रास उलटा. .३८ स्पेशल या काडतुसाची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या जमान्यातल्या काडतुसांवरून आलेली, पोट मोठं, आणि आताची धूरविरहित दारू त्यात अगदी तळाला चमचाभर पण नसते. म्हणजे चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरल्यासारखी दिसतच नाही, वर गोळी आरामात बसते. आणि त्या दुप्पट दारूनं रिव्हॉल्व्हरचं चक्र फुटतं. त्यामुळे मी कुणालाही शिकवताना एकच गोष्ट घोकून घेतो, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत लाइट मारून डोकावायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मधेच फोन वाजला तर परत पहिल्यापासून. काही लोक मुद्दाम फुगीर दारू वापरतात, जी हलकी असून जागा जास्त घेते, दोनदा पडली तर बाहेर सांडते आणि लगेच कळतं. टेबलावर एका वेळी एकच डबा, काम संपलं की उरलेली दारू त्याच डब्यात परत. किती ग्रेन ते मी इथे लिहिणार नाही, तो आकडा फक्त दारूच्या कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायचा, कुणाच्याही पोस्टवरून नाही, माझ्याही नाही.

प्रायमर पूर्ण आत बसलाय का हे डोळ्यांनी नाही कळत. काडतूस उलटं धरून बुडावर तर्जनीचं टोक फिरवायचं. नीट बसला असेल तर बोट सपाट सरकतं किंवा मधे किंचित खाली जातं, वर आला असेल तर नखाला कड लागते. ही कड लिव्हर रायफलमध्ये फार वाईट, विशेषतः १८७३ च्या रचनेत, कारण तिथं लिव्हर झटक्यात बंद होते आणि बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आतच प्रायमरवर ठोका बसू शकतो, मग पुंगळी उघड्यावर फुटते. त्याच रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या प्रायमरला. म्हणून टोकदार गोळी नाहीच वापरायची, नाक सपाट पाहिजे.

काही लोक काळ्या दारूनेच खेळतात, त्यांचा वेगळा गट आहे, धूर इतका होतो की दुसरी प्लेट दिसत नाही. तिथं नियम बरोबर उलटा. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीची जी काळी दारू तीच ही, तिच्यात आणि गोळीत पोकळी राहू द्यायची नाही, किंचित दाबून भरायची. म्हणून एका दारूची सवय दुसरीला लावली की संपलं. दोन्ही भरणारे माझे ओळखीचे लोक टेबलं पण वेगळी ठेवतात.

अंबड_शीटमेटल
प्लेटांचं मी सांगतो. माझं अंबड एमआयडीसीत लेझर कटिंगचं काम आहे, क्रशर आणि डंपरवाल्यांसाठी वेअर प्लेट (झिजेला टिकणारी कडक प्लेट) कापतो आणि रेंजसाठी टार्गेट कापायचं काम पण केलंय.

आधी गोळी परत का येत नाही ते. प्लेट कडक आणि गुळगुळीत असेल आणि गोळी नुसत्या शिशाची असेल तर ती आपटल्यावर चपटी होते आणि तिचे बारीक तुकडे प्लेटच्या अंगावरून कडेकडेनं बाहेर फेकले जातात, सरळ मागे नाही. ओल्या चिखलावर पाय आपटला की चिखल कसा चारी बाजूंना उडतो तसंच. आता प्लेट वरून पुढे झुकवली, पंधरा-वीस अंश, की वरचा बराचसा शिडकावा खाली जमिनीत जातो. म्हणूनच त्या खेळात नुसतं शिसं चालतं, तांब्याचं कवच असलेली गोळी बंद, कारण तांब्याचा पत्रा फाटून धारदार तुकडे होतात आणि ते मागे येतात. शॉटगनला पण शिशाचेच बारीक छर्रे, चार नंबरच्या छर्र्यापेक्षा जाड नाहीत, स्टीलचे छर्रे अजिबात नाहीत. स्टील स्टीलवर आपटलं की चपटं होत नाही, उसळतं. वेगाची जी वरची मर्यादा भाऊंनी सांगितली ती पण प्लेटला खड्डे पडू नयेत म्हणूनच उपयोगी पडते.

प्लेट खराब झाली की सगळं गणित बिघडतं. एमएसची कडकपणा ब्रिनेलमध्ये १२० ते १४० च्या आसपास, टार्गेटची वेअर प्लेट ५०० च्या आसपास. एमएसवर जोरदार गोळी बसली की खळगा पडतो आणि खळग्याला कड येते. पुढची गोळी त्या खळग्यात बसली की शिसं कडेवरून वळून ज्यानं मारली त्याच्याकडेच निघतं. आणि दुसरं कोणी बघत नाही ते म्हणजे बाक. पातळ प्लेट मार खाऊन खाऊन मधून आत जाते, वाटीसारखी होते. वाटी झाली की शिडकावा एका जागी गोळा होऊन मागे येतो. हातानं सपाट पट्टी लावून बघायची, मधे फट दिसली की ती प्लेट काढून टाकायची, ठोकून सरळ करत बसायचं नाही.

कडक प्लेट गॅसनं कापली की कडेची कडकपणा जाते, कारण ही प्लेट २५० अंशांच्या वर तापली की नरम पडायला लागते. लेझर किंवा वॉटरजेटमध्ये ती नरम पट्टी अगदी अरुंद राहते. समोरच्या बाजूला वेल्डिंग तर करूच नका, हुक लावायला चौकोनी भोक आणि गोल डोक्याचा बोल्ट, नट मागे. बोल्टचं षटकोनी डोकं समोर आलं की त्याच्या कडेवरून गोळी कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

दिंडोरीकर, तुमच्या सहा एमएमबद्दल, एअर पिस्तूलच्या छर्र्यानं एमएसला खड्डा पडणार नाही, तेवढा जोरच नाही त्याचा. प्लेट चालेल. प्रश्न आहे तुम्ही ती कुठे आणि कशी लावणार.

दिंडोरीकर_द्राक्षवाला
एवढं सगळं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचं तर मावसभावालाही माहीत नव्हतं, तो तिकडे ग्रीन कार्डवर आहे त्यामुळे त्याला कधी प्रश्नच आला नाही, कालच त्याला फोन करून सांगितलं.

मळ्याचं सांगतो. पश्चिमेच्या कडेला शेततळ्याच्या बांधाजवळ मोकळी पट्टी आहे, पंधरा मीटर लांब असेल, मागे बांध साधारण डोक्याएवढा. डाव्या बाजूला थॉमसन द्राक्षांचा प्लॉट लगेच सुरू होतो, पाच-सहा फुटांवर पहिली लाइन. जमीन मुरमाड आहे. छर्रे शिशाचेच, ४.५ एमएम. एका मित्रानं स्टीलच्या बीबी (बारीक गोल गोळ्या) दिल्यात स्वस्त पडतात म्हणून, त्या प्लेटवर मारू नये हे आता कळलं.

रेंजवाली_मावशी
मी नाशिकमध्ये मुलांना एअर पिस्तूल आणि रायफल शिकवते. वरचं सगळं वाचलं, छान माहिती दिलीय सगळ्यांनी, पण मला तुमच्या त्या डाव्या बाजूच्या प्लॉटनं थांबवलं.

द्राक्षाच्या मांडवात काय काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, लोखंडी अँगल, आडव्या ताणलेल्या तारा, अँकर. कडेनं उडालेला तुकडा किंवा चुकलेला छर्रा अँगलवर लागला तर तो कुठे वळेल याचा नेम नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं. विरळणी असो, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) असो, ऑक्टोबरची छाटणी असो, बायका पानांच्या खाली वाकून काम करत असतात, बाहेरून त्या दिसतच नाहीत. लाइनीत कुणी नाही असं तुम्हाला वाटतं आणि मधल्या लाइनीतून कुणीतरी पाण्याची कळशी घेऊन बाहेर येतं. प्लेटचा शिडकावा कडेनं जातो असं अंबडच्या भाऊंनी सांगितलं ना, तुमच्याकडे ती कड म्हणजे बरोबर प्लॉटच आहे. प्लॉटच्या कडेला प्लेट नकोच.

दुसरी जागा नसेल तर प्लेटचा नादच सोडा आणि पेटी करा. फळीची पेटी, समोरून उघडी, तिथं कागदाचं टार्गेट लटकवायचं, आत जुन्या सतरंज्या आणि चिंध्या घट्ट कोंबायच्या आणि अगदी मागे ती तुमची एमएस प्लेट तिरकी, खाली झुकलेली. छर्रा कापडातच थांबतो, थांबला नाही तर प्लेटवर चपटा होऊन पेटीतच पडतो. आवाज नाही, शिडकावा नाही, आणि नेम सुधारायला कागदासारखं दुसरं काही नाही, कारण प्लेट नुसतं लागलं सांगते, कुठे लागलं ते कागद सांगतो. कापड दर काही दिवसांनी हलवून बघायचं, एकाच जागी मारून मारून भोक पडतं.

टंग वाजण्यात मजा आहे हे मला मान्य आहे, मुलांना पण तेच आवडतं. मग लटकणारी छोटी प्लेट लावा पण बांधाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना मातीच्या गोण्या रचून, दहा मीटरच्या आत कधीच नाही, आणि बघायला उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्याला चष्मा. समोरचा मुरूम खरवडून तिथं गाळाची मऊ माती पसरा, खडा असला की खाली गेलेला शिडकावा वर उसळतो. लाकडी फळीवर किंवा जुन्या टायरवर मारून बघू नका, हळू जाणारा छर्रा त्यावरून अख्खाच्या अख्खा परत येतो, लोखंडापेक्षा तो प्रकार वाईट. बीबी तर नाहीच, कोणत्याच टणक गोष्टीवर नाही.

आणि शिसं. पेटीतलं शिसं गोळा करून डब्यात ठेवा, मळ्याच्या मातीत आणि शेततळ्यात जाऊ देऊ नका. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही, छर्रे तोंडात धरायची काही मुलांना सवय असते ती पहिल्या दिवशीच मोडायची. फिनिक्सला पण हे लक्षात ठेवा, तिकडे गोळ्या पूर्ण शिशाच्या आणि प्रायमरच्या धुरात पण शिसं असतं, मॅच झाली की आधी हात-तोंड धुवा मग जेवण, आणि ते कपडे घरी लहान मूल असेल तर वेगळे धुवा. कान झाका, दुनळीचा आवाज शेजारच्या स्टेजवरून आला तरी कानाला बसतो.

शरणपूर_रोड_वकील
कायद्याचं थोडक्यात. ४.५ एमएमची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन असेल तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे परवाना लागत नाही, पण खरेदीची पावती आणि ओळखपत्राची कॉपी जपून ठेवा, गावात कुणी तक्रार केली तर तीच पहिली मागतात. मळा स्वतःचा असला तरी शेजारच्या बांधापलीकडे छर्रा जाणार नाही ही जबाबदारी तुमची.

मावसभावाकडे बघून इकडे काडतुसं भरायचा विचारही करू नका. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं कलम ५ खाली येतं, शिक्षा कलम २५ मध्ये आहे आणि ती किरकोळ नाही.

आणि परत येताना, हे फार लोकांना भोवतं. रेंजवर जे जॅकेट घालाल, जी बॅग न्याल, तिचा प्रत्येक खिसा विमानतळावर जायच्या आधी उलटा करून झटका. अस्तराच्या फाटलेल्या शिवणीत, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कप्प्यात एखादं काडतूस राहतं. आपल्या विमानतळावर जिवंत काडतूस सापडलं तर गुन्हा दाखल होतो. माहीत असून बाळगलं नव्हतं हे पुढे कोर्टात मांडता येतं, त्याला कॉन्शस पझेशनचा मुद्दा म्हणतात, आणि त्यात लोक सुटतातही, पण तोपर्यंत पासपोर्ट, तारखा, खर्च, सगळं मागे लागतं. रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणायची हौस असते, ती पण नको, सिक्युरिटीवर अडकाल. वेगळी बॅग न्या आणि ती तिकडेच ठेवून या.

तोफखाना_देवळाली
मावशींनी माणसांचं लिहिलं ते लाखमोलाचं. मी एक भर घालतो. मळ्यात फायर करायच्या आधी एक माणूस प्लॉटच्या पलीकडच्या टोकाला उभा करायचा, लाल कापड घेऊन, आणि त्याचा आवाज आल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. लाइनीत कुणी शिरलं की त्यानं ओरडायचं आणि तू पिस्तूल उघडून खाली ठेवायचं. आमच्याकडे तोफेला हीच पद्धत होती, पिस्तुलाला पण तीच लागू.

दिंडोरीकर_द्राक्षवाला
ठरलं मग. प्लॉटजवळची जागा रद्द, शेततळ्याच्या उत्तरेकडे बांध उंच आहे आणि तिथून प्लॉट बराच लांब पडतो, तिकडे पेटी करतो. बीबी मित्राला परत दिल्या. लाल कापडासाठी पुतण्याला सांगतो, त्याला तसंही सोबत यायचंच असतं. मेसावाले दादा, फेब्रुवारीत आलो की भेटायला आवडेल, लायसन्सचं नाही जमलं तर चष्मा लावून बघायला तरी येतोच.

अंबडवाले भाऊ, पेटीतली प्लेट किती तिरकी करू आणि तुमच्याकडे ती कापून मिळेल का?

अंबड_शीटमेटल
वरची कड तुमच्याकडे आणि खालची कड मागे, साधारण ४५ अंश, म्हणजे छर्रा खालीच वळेल. तळाला वाळूचा दोन-तीन इंचाचा थर टाका, त्यात शिसं गोळा होतं आणि काढायला सोपं जातं. स्क्रॅपची प्लेट असेल तर आधी ग्राइंडर मारून वेल्डिंगचे जुने थेंब आणि गंजाचे पापुद्रे साफ करा, समोरची बाजू गुळगुळीत पाहिजे, हात फिरवला तर कुठे अडकता कामा नये. पेटीची आतली रुंदी मोजून आणा, दोन्हीकडे पाच-पाच एमएम कमी करून कापून देतो. शनिवारी लाइट नसते, सोमवारी सकाळी या.